डबा कोणाचा, गिऱ्हाईक कोणाचं?

सकाळी आठच्या सुमाराला तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर जरा उभे राहून पाहा. खेड्यावर मुक्कामी गेलेली गाडी परत येते, आणि माणसे उतरता उतरताच ड्रायव्हरच्या बाजूने डबेही उतरू लागतात. कुणाचा कापडी पिशवीत बांधलेला, कुणाच्या झाकणावर खिळ्याने नाव कोरलेले, कुणाच्या कडीला ओळखीसाठी लाल चिंधी. हे डबे तालुक्याला खोली करून शिकणाऱ्या पोरांचे. आईने पहाटे उठून भाकरी थापलेल्या असतात. धाकट्या भावाने फाट्यावर गाडीला हात केलेला असतो आणि "भाऊ, तेवढा डबा स्टँडवर उतरवा," एवढेच सांगितलेले असते. पावती नाही, सही नाही. तरी डबा ज्याचा त्याला मिळतो.

त्याच स्टँडच्या बाहेर आता आणखी एक दृश्य दिसते. मोटारसायकलवर बसलेला पोरगा, अंगात लाल नाहीतर केशरी टी-शर्ट, पाठीला मोठी चौकोनी पिशवी आणि डोळे मोबाइलवर. मोबाइल वाजला की गाडीला किक मारतो, एका हॉटेलातून पुडे उचलतो आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी दारात नेऊन देतो.

दोन्हीकडे काम एकच, एकाच्या चुलीवरचे अन्न दुसऱ्याच्या ताटापर्यंत पोचवायचे. मग यातली चांगली पद्धत कोणती, जुनी की मोबाइलची? शहरातल्या माणसाला हा प्रश्न सोयीचा वाटतो. लवकर कुठे मिळते, स्वस्त कुठे पडते, एवढेच त्याला पाहायचे असते. आपल्याला मात्र हा प्रश्न रोजगाराचा आहे. पोळ्या लाटणारी बाई आपल्या बचत गटातली आहे, मोटारसायकलवरचा पोरगा आपल्या गल्लीतला आहे. म्हणून आपण हा विषय जेवणाऱ्याच्या बाजूने आणि रांधणाऱ्याच्या बाजूनेही पाहू.

शेतावरच्या भाकरीपासून

जेवण पोचवणे हा धंदा आपल्याला नवा नाही. डोक्यावर टोपले, त्यात भाकऱ्या, कालवणाचे भांडे, फडक्यात कांदा आणि ठेचा, हातात पाण्याची कळशी. अशी बांधावरून येणारी आई किंवा वहिनी आपण सर्वांनी पाहिली आहे. किती भाकऱ्या लागतील हे तिला विचारावे लागत नसे. आज नांगरट आहे की खुरपणी यावरून ती ओळखत असे.

गावातला माणूस मुंबईला गिरणीत गेला तेव्हा ही भाकरी त्याच्या मागोमाग जाऊ शकली नाही. मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ साली स्थापन झाली. पुढच्या काळात कोकणातून आणि घाटावरून हजारो माणसे बायकापोरांना गावी ठेवून गिरणगावात राहिली. एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळीपाळीने झोपायचे. त्यांना जेवू घातले ते खानावळवाल्या बायांनी. महिन्याचे जेवण, पगार झाला की पैसे. कोणाला तिखट चालत नाही, कोणाचा गुरुवार असतो, कोण रात्रपाळीला आहे, हे सगळे त्या बाईच्या डोक्यात पाठ असे.

पण या बायांची एक मोठी अडचण होती. पगार महिन्याने येणार आणि धान्य तर रोज लागणार. म्हणून किराणा दुकानदाराकडून उधार माल घ्यायचा आणि त्यावर व्याज भरायचे. कष्ट बाईचे आणि फायदा सावकारीचा. ही गाठ सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. खानावळवाल्यांचे गट केले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. तारण ठेवायला दागिना नव्हता, जमीन नव्हती. गटातल्या बाया एकमेकींना जामीन राहिल्या. आज आपल्या गावोगावच्या बचत गटांत जी पद्धत दिसते तीच ही.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. बाईकडे भांडवल नव्हते, पण गिऱ्हाईक तिचे स्वतःचे होते. म्हणून भांडवल मिळताच ती उभी राहिली. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला, पगार थांबले, माणसे गावाकडे परतली आणि खानावळींचे गिऱ्हाईकच आटले. एकाच गिरणीच्या दारावर अवलंबून राहण्याचा धोका तेव्हाही होता. तो पुढे पुन्हा आपल्यासमोर येणार आहे.

डबेवाल्यांचा कारभार

मुंबईच्या डबेवाल्यांचे कौतुक जगभर झाले. २००३ साली इंग्लंडचे तेव्हाचे युवराज चार्ल्स चर्चगेटला येऊन त्यांना भेटून गेले. अमेरिकेतल्या हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेने २०१० साली त्यांच्या कामावर अभ्यास केला. पण ही माणसे मुळात आपल्यासारखीच, शेतकऱ्याच्या घरातली. खेड, मावळ, जुन्नर, आंबेगाव, मुळशी, अकोले या भागांतली. महादेव हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास हे काम सुरू केले असे सांगतात. १९५६ साली त्यांच्या ट्रस्टची नोंदणी झाली.

त्यांच्या कामाची रीत पाहा. डब्याच्या झाकणावर रंगाने अक्षरे आणि आकडे काढलेले असतात. डबा कोणत्या भागातून उचलला, कोणत्या स्टेशनवर उतरवायचा, कोणत्या इमारतीत आणि कितव्या मजल्यावर द्यायचा, हे सगळे त्या खुणांत असते. कागद नाही, पत्ता नाही. डबा घरून उचलणारा एक, गाडीत चढवणारा दुसरा, नेऊन पोचवणारा तिसरा. दुपारी रिकामा डबा त्याच वाटेने माघारी. लोकल गाडी कोणासाठी थांबत नाही, म्हणून एक घर उशीर करू लागले तर सगळ्यांचा खोळंबा होतो. म्हणून वेळेवर डबा न भरणाऱ्या घराला आधी समज दिली जाते, आणि तरीही सुधारणा झाली नाही तर ते गिऱ्हाईक सोडून दिले जाते.

आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाचे आहे ते त्यांचे आर्थिक गणित. डबेवाला हा कोणाचा नोकर नाही. पंधरा-वीस किंवा पंचवीस जणांचा एक गट, त्यावर अनुभवी मुकादम. महिन्याला जमलेल्या पैशातून रेल्वेचा पास, सायकल दुरुस्ती आणि इतर खर्च वजा करायचा आणि उरलेले वाटून घ्यायचे. गिऱ्हाईक गटाचे असते. एखादा आजारी पडला तर दुसरा त्याची लाइन सांभाळतो. आणि चैत्रात गावची जत्रा आली की सगळे मिळून सुट्टी घेतात. गिऱ्हाइकाला ते आधीच ठाऊक असते आणि तोही कुरकुर करीत नाही.

हेही धक्क्यातून सुटले नाही. मार्च २०२० मध्ये करोनामुळे टाळेबंदी आली, लोकल बंद झाली, कचेऱ्या घरून चालू लागल्या. बरेच डबेवाले गावी आले ते परत गेलेच नाहीत. कोणी शेतीत राहिला, कोणी कंपनीत सुरक्षारक्षक झाला, कोणी रिक्षा घेतली.

मोबाइलवरची ऑर्डर

आता नवी पद्धत. झोमॅटो ही कंपनी २००८ साली दिल्लीत वेगळ्या नावाने सुरू झाली. तेव्हा ती हॉटेलांची फक्त माहिती आणि दरपत्रक देत असे. जेवण पोचवण्याचे काम तिने २०१५ मध्ये हाती घेतले. स्विगी ही बंगळूरची कंपनी, २०१४ सालची. आज या क्षेत्रात देशभर याच दोन कंपन्यांचे वर्चस्व आहे. दोन्ही शेअर बाजारात आहेत. जिल्ह्याच्या गावी आणि अनेक तालुक्यांच्या गावीही त्यांची पोरे दिसतात.

तुम्ही मोबाइलवर बटण दाबता तेव्हा चार पक्ष एकत्र येतात: तुम्ही, हॉटेल, पोचवणारा पोरगा आणि या सगळ्यांच्या मध्ये कंपनी. ऑर्डर कंपनीकडे जाते, ती हॉटेलला कळवते, जवळचा पोरगा शोधते, तुमचे पैसे स्वतःकडे घेते आणि आपला हिस्सा कापून बाकीचे हॉटेलला ठरलेल्या दिवशी देते. तुमचा फोन नंबर, तुम्ही काय खाता, किती वाजता खाता, ही सगळी नोंद कंपनीच्या वहीत राहते.

फायदे नाकारून चालणार नाही. रात्री अकरा वाजता परगावच्या दवाखान्यात पेशंटजवळ बसलेल्या माणसाला तिथली खानावळ ठाऊक नसते. मोबाइलवर त्याला दर दिसतो, पोरगा कुठवर आला ते दिसते, पैसेही आधीच देता येतात. हॉटेलवाल्याला उधारीची कटकट राहत नाही. खानावळ चालवणाऱ्याला विचारा, महिनाअखेरीला खोली सोडून गेलेल्या पोरांकडे किती पैसे अडकले. तो हताशपणे हसेल. शिवाय नव्या स्वयंपाकघराला पहिल्या दिवसापासून गिऱ्हाईक दिसू लागते. स्वतःच्या जोरावर तेवढी ओळख करायला वर्ष जाते.

पण फोनवरच्या ऑर्डरमध्ये जे होते ते इथे नाही. "ताई, आज दोन भाकऱ्या जास्त टाका, पाहुणा आहे. मीठ बेतानं, वडिलांना बीपी आहे. पैसे उद्या देतो. घर मारुतीच्या देवळामागं, पिंपळाजवळ." हे बोलणे फोनवर दहा सेकंदांत होते. मोबाइलच्या पडद्यावर ठरलेली बटणे असतात आणि सूचना लिहायला छोटीशी जागा. नकाशावर टाचणी चुकीच्या जागी पडली की पोरगा पिंपळाऐवजी पाझर तलावावर जाऊन उभा राहतो. शिवाय ही सेवा ठराविक अंतरापुरतीच. गावापासून दूर वस्तीवर राहणाऱ्याला आजही फोन, ओळख आणि एस.टी. याच मार्गाने जेवण मिळते. म्हणजे जुनी पद्धत ही केवळ आठवणीतली गोष्ट नाही. आपल्यापैकी पुष्कळांसाठी ती एकच पद्धत आहे.

हिशेब मांडून पाहू

समजा, एका बचत गटाने तालुक्याला छोटे स्वयंपाकघर सुरू केले. खाली धरलेले आकडे फक्त हिशेब समजण्यासाठी आहेत. तुमच्या गावचे दर तुम्ही घाला.

मोबाइलवर थाळीचा दर लावला १५० रुपये. कंपनीचे कमिशन करारानुसार कमीजास्त असते. आपण शंभराला २५ धरू. म्हणजे गेले ३७ रुपये ५० पैसे. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, तो ६ रुपये ७५ पैसे. एकूण कापले गेले ४४ रुपये २५ पैसे. हातात आले १०५ रुपये ७५ पैसे. यातून किराणा आणि भाजीचे ६०, गॅसचे ८ आणि पुड्या-डब्यांचे ८ रुपये वजा करा. उरले २९ रुपये ७५ पैसे. यात बायांची मजुरी आणि जागेचे भाडे. त्यातच "दहा टक्के सूट" अशी जाहिरात गटाच्या खर्चाने लावली, तर आणखी १५ रुपये गेले. राहिले पंधरा रुपयांच्या आसपास.

आता तीच थाळी फोनवर ऑर्डर घेऊन थेट दिली, दर १२० रुपये. किराणा-भाजी ६०, गॅस ८, डबा धुणे आणि झिजणे २, पोचवणाऱ्या पोराला १२. खर्च झाला ८२. उरले ३८. उधारी बुडते हे धरलेच पाहिजे. वीस थाळ्यांत एकीचे पैसे बुडाले असे समजा, म्हणजे थाळीमागे ६ रुपये. तरी उरले ३२ रुपये.

गिऱ्हाइकाची बाजू पाहा. मोबाइलवर त्याला १५० रुपये थाळीचे, साडेसात रुपये जीएसटीचे, शिवाय पोचवण्याचा आकार आणि कंपनीची प्लॅटफॉर्म फी. ही फी दोन्ही कंपन्यांनी २०२३ मध्ये दोन रुपयांपासून सुरू केली आणि नंतर अनेक वेळा वाढवली. थेट घेतली तर सगळे मिळून १२०. म्हणजे खाणाऱ्याला थाळीमागे ३७ रुपयांहून जास्त बचत, आणि रांधणारीलाही थोडे जास्त.

इथे कराची एक बाब सांगायला हवी. १ जानेवारी २०२२ पासून मोबाइल कंपनीमार्फत विकलेल्या हॉटेलच्या जेवणावरचा जीएसटी कंपनीच वसूल करून भरते. वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेले छोटे स्वयंपाकघर थेट विकते तेव्हा त्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नसते. पण तेच जेवण कंपनीमार्फत गेले की गिऱ्हाइकाला कर लागतो.

याचा अर्थ मोबाइलची पद्धत तोट्याचीच, असा काढू नका. थेट गिऱ्हाईक दिवसाला दहा आणि मोबाइलवरचे पन्नास असेल, तर थाळीमागे कमी मिळूनही दिवसाची बेरीज जास्त भरते. रिकाम्या चुलीपेक्षा कमी नफ्याची चूल बरी. मात्र बेरीज मांडल्याशिवाय उडी घेऊ नका, एवढेच सांगणे आहे.

हे कुठेतरी पाहिल्यासारखे वाटते ना?

बाजार समितीत माल घेऊन गेलेल्या माणसाला हा सगळा प्रकार ओळखीचा वाटेल. माल आपला, खरेदीदार तिसराच, मध्ये आडत्या. हिशेबपट्टी त्याच्याकडची, कापलेल्या रकमेची नावे त्यानेच ठरवलेली. आडत्या उपयोगाचा नव्हता असे नाही. अडीअडचणीला उचल तोच देत असे. पण खरेदीदार कोण, त्याने खरा काय भाव दिला, हे आपल्याला कळत नसे. फळे आणि भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची, हा निर्णय आपल्या राज्यात व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. त्यासाठी किती वर्षे ओरड करावी लागली ते तुम्ही जाणता.

हॉटेलवाल्यांची ओरड आता त्याच सुरात चालू आहे. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ साली केंद्राच्या स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. जादा कमिशन, सवलती देण्याचा दबाव आणि गिऱ्हाइकाची माहिती हॉटेलला न देणे, असे तिचे मुद्दे होते. आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये या दोन्ही कंपन्यांच्या चौकशीचा आदेश दिला.

यातला शेवटचा मुद्दा आपल्या कामाचा आहे. खानावळवाल्या बाईला गिऱ्हाइकाचे नाव, गाव आणि पगाराची तारीख माहीत होती. डबेवाल्यांच्या गटाला आपली घरे माहीत आहेत. मोबाइलवर हजार थाळ्या विकूनही, त्या कोणी खाल्ल्या हे स्वयंपाकघराला कळतेच असे नाही. उद्या कंपनीने कमिशन वाढवले, यादीत तुमचे नाव खाली टाकले किंवा एखाद्या तक्रारीवरून खाते बंद केले, तर गिऱ्हाईक जाते कुठे? ते तिथेच राहते. बाहेर पडता ते तुम्ही. गिरणीच्या दारावर अवलंबून असलेल्या खानावळीची आठवण इथे ठेवायची.

पोराने डिलिव्हरीला जावे का?

आता मोटारसायकलवरच्या पोराकडे वळू. दोन एकर कोरडवाहू, बारावी झालेला मुलगा, पुण्याला मामाकडे जाऊन "डिलिव्हरी करतो" म्हणतो. नाही म्हणायचे कारण नाही. काम प्रामाणिक आहे, आणि वशिला लागत नाही. पण हिशेब इथेही करावा. गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, मोबाइल त्याचा, टायर आणि ऑइलही त्याचेच. दिवसाला हातात आलेली रक्कम ही कमाई नव्हे. त्यातून पेट्रोल, गाडीचा हप्ता, दुरुस्ती आणि खोलीभाडे वजा केल्यावर राहील ती कमाई. महिनाभर वहीत रोज लिहायला सांगा, म्हणजे त्याचे त्यालाच उमगेल.

दुसरी गोष्ट, तो पगारी नोकर नसतो. कंपनी त्याला भागीदार म्हणते. पण डबेवाला ज्या अर्थाने गटाचा भागीदार असतो तसे हे नाते नाही. दर ठरवताना त्याला कोणी विचारत नाही. सुट्टी घेता येते, पण त्या दिवसाचे पैसे बुडतात. पावसात, ट्रॅफिकमध्ये, घाईत गाडी चालवताना अपघाताची भीती असते. विमा आहे का, किती रकमेचा, कोणत्या वेळेत लागू, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावे.

सरकारनेही या कामगारांची दखल घेतली आहे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे २०२०-२१ मध्ये देशात अशा प्रकारचे कामगार ७७ लाख होते, आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाखांवर जातील असा अंदाज आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये त्यांचा प्रथमच उल्लेख झाला आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या सामाजिक सुरक्षा निधीत भरावी, अशी तिच्यात तरतूद आहे. कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्के ही त्याची कमाल मर्यादा. याचा लाभ घ्यायचा तर ई-श्रम पोर्टलवर नोंद हवी. आधारला जोडलेला मोबाइल नंबर घेऊन सेवा केंद्रात गेले तर हे काम होते. गाव सोडण्याआधी पोराकडून एवढे करून घ्या.

गटाने आणि ग्रामपंचायतीने काय करावे

मग शहाणपण कशात आहे? मोबाइल टाळण्यात नाही. मोबाइलचा उपयोग करून गिऱ्हाईक मात्र आपल्या वहीत ठेवण्यात आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री भाजीचा बेत टाकायचा, सकाळी नऊपर्यंत ऑर्डर घ्यायच्या, पैसे क्यूआर कोडवर घ्यायचे. आगाऊ पंधरवड्याचे पैसे देणाऱ्याला एक जेवण फुकट, असे ठेवले की उधारीही आटोक्यात येते. किती डबे करायचे हे आधी कळल्याने अन्न वाया जात नाही. हीही ऑनलाइनच ऑर्डर आहे, फक्त मध्ये कोणी नाही. डबेवाल्यांनीही एसएमएस आणि संकेतस्थळ वापरून पाहिलेच की.

मोठ्या कंपनीकडेही नाव नोंदवावे, पण सगळी भिस्त तिच्यावर नको. थेट गिऱ्हाईक हा पाया धरा आणि मोबाइल कंपनीचे गिऱ्हाईक वरची भर. करार मराठीत समजावून घेतल्याशिवाय अंगठा किंवा ओटीपी देऊ नका. कमिशन किती, सवलतीचा खर्च कोणाचा, पैसे किती दिवसांनी, ऑर्डर रद्द झाली तर नुकसान कोणाचे, हे चार प्रश्न विचाराच.

जेवण विकायचे तर, घरातून असो वा दुकानातून, अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. तिचा १४ अंकी नंबर मोबाइल कंपन्या मागतातच. थेट विकणाऱ्यांनीही तो काढावा, कारण शाळा, बँक किंवा कारखान्याच्या डब्याचे काम मिळवताना तो विचारला जातो.

ग्रामपंचायत अधिकारी आणि सरपंच मंडळींना तीन विनंत्या. पहिली, गल्ल्यांना नावे आणि घरांना ठळक नंबर द्या. डब्यासाठी नाही तरी रुग्णवाहिकेसाठी ते लागतातच. दुसरी, डेपोच्या आगार व्यवस्थापकांना भेटून स्टँडवर डब्यांसाठी एक फळी किंवा रॅक मागा. ऊन-पावसात, कुत्र्या-मांजरांत पडलेले डबे तुम्हीही पाहिले असतील. खेड्यावरच्या शेकडो मुलांचे शिक्षण या डब्यांवर चालते. २०२१-२२ च्या दीर्घ संपात एस.टी. थांबली, तेव्हा डबाही थांबला. तिसरी, तालुक्याला डब्याचे काम करणाऱ्या गटांची फोन नंबरसह यादी ग्रामसंघामार्फत तयार करून पंचायत समिती, ग्रामीण रुग्णालय आणि स्टँड या ठिकाणी लावा. परगावच्या माणसाला मोबाइलवर जे शोधावे लागते ते भिंतीवर वाचता येईल.

ऑर्डर देणाऱ्यांसाठीही दोन शब्द. मोबाइल कंपनीच्या नावाने इंटरनेटवर खोटे मदत क्रमांक फिरतात. "पैसे परत मिळतील, ओटीपी सांगा," असे कोणी म्हटले तर फोन ठेवून द्या. तक्रार कंपनीच्या अ‍ॅपमधूनच करा. २०२० च्या नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचे असते. तसे झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पैशाची फसवणूक झाली तर तासाभरात १९३० वर फोन करा. जितका उशीर तितके पैसे दूर जातात.

शेवटी परत त्या स्टँडवर येऊ. एस.टी.तून उतरलेल्या डब्यावर खिळ्याने कोरलेले नाव असते ते खाणाऱ्याचे. मोबाइलवरून आलेल्या पुड्यावर ठळक नाव असते ते बहुधा कंपनीचे. उद्या तुमचा गट या धंद्यात उतरेल तेव्हा डब्यावर कोणाचे नाव घालायचे, ते आधी ठरवा. डबा स्टीलचा असो की पुठ्ठ्याचा, ऑर्डर फोनवर आलेली असो की अ‍ॅपवर. झाकणावर आपल्या गटाचे नाव आणि आपला फोन नंबर असू द्या, आणि आत दोन घास असे असू द्या की जेवणाऱ्याने तो नंबर जपून ठेवावा.